आधी भाडेकरूंची वीजबिलं, मग धोरण

आमची कंपनी पुण्यात ऑफिसच्या इमारती बांधून भाड्याने देते. सोबत घरांचे दोन-तीन प्रकल्प चालू असतात. शाश्वतता धोरणाचं काम माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी संचालक मंडळासमोर मी 2030 पर्यंत कार्बन उत्सर्जन 30 टक्क्यांनी कमी करण्याचं उद्दिष्ट मांडलं. ते मंजूर झालं आणि तीन महिन्यांनी मलाच ते मागे घ्यायला लागलं, कारण ज्या वर्षाशी तुलना करायची होती त्या वर्षाचा आकडाच अपुरा होता. लिफ्ट, लॉबी, पंप, पार्किंग, चिलर सगळं धरलं होतं, पण भाडेकरूंच्या मजल्यांवर जळणारी वीज धरलीच नव्हती. ती हाती आली तेव्हा कळलं की ती आमच्या विजेच्या दुपटीहून जास्त आहे. त्यामुळे या वर्षीच्या तयारीत पहिलं काम तेच आहे, आणि जो कोणी हे काम नव्याने हाती घेईल त्यानेही तिथूनच सुरुवात करावी.

भाडेकरूंची वीजबिलं जानेवारीतच मागा. ज्या इमारतीला एकच उच्चदाब जोडणी आहे आणि मजल्यांवर सबमीटर (आपणच बसवलेले वेगळे मीटर) आहेत, तिथे रीडिंग आपल्याकडेच असतं, काळजी नाही. पण जिथे प्रत्येक भाडेकरूची महावितरणची स्वतंत्र जोडणी आहे, तिथे बिल थेट त्याच्या अकाउंट्स विभागाकडे जातं, आणि तो विभाग बऱ्याचदा बेंगळुरूत किंवा गुरुग्रामला असतो. आपला फॅसिलिटी मॅनेजर ते बिल कधी बघतही नाही. म्हणून आधी मजलावार ग्राहक क्रमांकांची यादी करा, मग एक पानी संमतीपत्र पाठवा, आणि मग मागच्या 24 महिन्यांचे युनिट मागा. फक्त युनिट मागा, रक्कम नको. रक्कम मागितली की लोक लगेच सावध होतात. इथला ॲडमिन ‘हो, देतो की’ म्हणेल, त्यावर विसंबू नका. सहीचा अधिकार त्याच्याकडे नसतो. कागद मुख्यालयाच्या कायदा विभागात जातो आणि तिथे पडून राहतो. आम्हाला एका सहीसाठी सात आठवडे लागले. गेल्या वर्षी मी जूनमध्ये अकरा भाडेकरूंना मेल पाठवले, तिघांची उत्तरं आली. ग्रेस्ब, म्हणजे इमारतींच्या कंपन्यांची शाश्वततेवर गुण देऊन तुलना करणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिचं पोर्टल 1 एप्रिलला उघडतं आणि 1 जुलैला बंद होतं. त्यात पूर्ण इमारतीचा वापर विचारतात आणि किती क्षेत्रफळाचा डेटा आहे यालाही गुण असतात. आठ भाडेकरूंच्या जागा रिकाम्या ठेवून फॉर्म पाठवावा लागला.

नवा भाडेकरार होत असेल तर त्यात दर महिन्याचे युनिट कळवण्याचं कलम घाला. हे लीजिंगच्या टीमला आजच सांगा, पुढच्या बैठकीत नको. सही झाल्यावर कोणी कलम वाढवून देत नाही, आणि तीन-पाच वर्षांचा करार म्हणजे तेवढी वर्षं आपण अंधारात. जुन्या करारांचं नूतनीकरण कधी आहे त्याच्या तारखाही याच यादीत लिहा.

आता आपल्या ताब्यातल्या गोष्टी. वीजबिलं आहेतच. एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला जातो. केंद्रीय वीज प्राधिकरण दर वर्षी हा आकडा जाहीर करतं, त्या वर्षाचाच वापरा. जनरेटरचं डिझेल मोजताना खरेदीची पावती पुरत नाही, वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी टाकीत किती होतं तेही हवं. एसीच्या गॅसची नोंदवही मात्र कडक ठेवा. आर-410ए हा गॅस एक किलो गळला तर तो दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतका धरतात. दुरुस्तीवाला ‘टॉप-अप केला’ एवढंच लिहून जातो. किती किलो भरला हे त्याच्याकडून लिहून घेतल्याशिवाय बिल मंजूर करू नका.

पाण्याचं सांगायला नको. फक्त टँकरच्या पावत्या जपा, कारण महापालिकेचं मीटर आणि बोअरवेल धरूनही उन्हाळ्याचा हिशेब टँकरशिवाय जुळत नाही. एसटीपीतून (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतून) निघणाऱ्या पाण्याला वेगळा मीटर हवा.

बांधकामाच्या बाजूला सगळ्यात मोठा वाटा सिमेंट आणि स्टीलचा. आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या, चलनावर एम-30, एम-40 अशी ताकदीची प्रत लिहिलेली असते. त्यावरून सिमेंट किती पडलं ते कळत नाही. मिक्स डिझाइन (मिश्रणाचं प्रमाण) आणि बॅच रिपोर्ट (प्रत्यक्षात काय किती पडलं) मागा. सिमेंट कमी करून त्याजागी फ्लाय ॲश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (पोलाद भट्टीची मळी) वाढवायचं ठरलं तर साइट इंजिनिअरला शेवटी सांगू नका. असं काँक्रीट सुरुवातीला सावकाश ताकद धरतं, शटरिंग (साचे) काढायला दिवस वाढतात, एका स्लॅबपासून पुढच्या स्लॅबपर्यंतचा वेळ लांबतो. त्याच्या वेळापत्रकात ते दिवस आधी धरले नाहीत तर तो नाही म्हणणारच, आणि ते बरोबरच आहे. धोरणाच्या कागदावर टक्केवारी लिहिणं सोपं असतं, स्लॅब त्याला ओतायचा असतो.

सौर किंवा पवन वीज बाहेरून घ्यायची असेल तर 2022 च्या हरित खुल्या प्रवेशाच्या नियमांनी (महावितरणऐवजी दुसऱ्याकडून हरित वीज घेण्याचे नियम) त्यासाठी लागणाऱ्या किमान वीजभाराची मर्यादा 100 किलोवॉटवर आणली आहे, त्यामुळे आमच्यासारख्यांनाही ते शक्य झालं आहे. पण किती मेगावॉटचा करार करायचा? भाडेकरूंचा वापर माहीत नसेल तर हा आकडा ठरतच नाही. इथेही पुन्हा तीच बिलं लागतात. ती हातात आल्याशिवाय वीज विकणाऱ्या कंपनीशी बोलणी सुरू करू नका.

भाडेकरू बिलं का देतील, असं विचाराल. बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना सेबीने 2022-23 पासून बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता) अहवाल सक्तीचा केला आहे. तुमच्या भाडेकरूंपैकी काही त्यात असतील, काहींच्या परदेशातल्या मूळ कंपन्या असाच अहवाल देत असतील. त्यांना त्यांच्या वाट्याचं पाणी, कचरा, कॉमन एरियाची वीज हे आकडे हवे असतात आणि ते आपल्याकडे असतात. तेव्हा आधी आपण द्या. या वर्षी मी संमतीपत्रासोबत त्यांच्या मजल्याचा पाण्याचा आणि कचऱ्याचा तक्ता जोडून पाठवला. दोन आठवड्यांत सहा जणांची बिलं आली. गेल्या वर्षी हे सुचलं असतं तर उद्दिष्ट मागे घ्यावं लागलं नसतं.

परवानग्यांच्या तारखा भिंतीवर लावा. पर्यावरण मंजुरीचा सहामाही अहवाल 1 जून आणि 1 डिसेंबर, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं पर्यावरण विवरणपत्र 30 सप्टेंबर. त्या चुकवायला काही कारणच नाही.

आयजीबीसी किंवा गृहा या हरित इमारतींच्या मानांकन व्यवस्थांचं मानांकन आर्किटेक्ट आणि सल्लागार बघतात. इतकंच लक्षात ठेवा की प्लॅटिनमची पाटी लागली म्हणून इमारत कमी वीज जाळते असं नाही, ते बिलं सांगतात, आणि त्यातली निम्म्याहून जास्त बिलं भाडेकरूंकडे आहेत.

जाहिरातींची माहितीपत्रकं छापण्याआधी स्वतः वाचा. ‘पर्यावरणपूरक’, ‘कार्बन न्यूट्रल’ हे शब्द पुराव्याशिवाय जाऊ देऊ नका. ऑक्टोबर 2024 पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि रेराच्या (घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या) कलम 12 खाली जाहिरातीतल्या खोट्या विधानामुळे नुकसान झालं तर ग्राहक भरपाई मागू शकतो.

आकडे तपासणाऱ्या बाहेरच्या तपासनीसाची तारीख मे महिन्यात. फाइलींना महिन्यावार नावं. आकडे एका ठिकाणी, एकाच शीटमध्ये. संचालक मंडळासमोर उद्दिष्ट सगळ्यात शेवटी, आधी नाही.

आणि फेब्रुवारी संपेपर्यंत एखाद्या मजल्याचा ग्राहक क्रमांक यादीत आला नसेल तर मेल पाठवत बसू नका. मीटर रूमची किल्ली घ्या, त्या भाडेकरूचा माणूस सोबत घ्या, खाली जा, मीटरचा फोटो काढा. पुढच्या महिन्याच्या 1 तारखेला पुन्हा जा.