सपाटीवरचं रान: भरतपूरच्या घनात पायी कसं फिरावं

गुडघे कुरकुरायला लागले की आपल्याकडच्या डोंगर चढणाऱ्या माणसाला वाटतं, आता जंगल संपलं, उरली ती जीपमधली सफारी. माझ्या सासूबाईंनाही तसंच वाटत होतं. सत्तरी ओलांडलेली, हातात काठी, आणि उभा जन्म पर्वतीच्या पायऱ्यांवर गेलेला. त्यांना मी राजस्थानात भरतपूरला नेलं. तिथलं केवलादेव राष्ट्रीय उद्यान हे आपल्या देशातलं पायी फिरायला सर्वांत सोपं रान आहे, असं माझं ठाम मत आहे. क्षेत्रफळ जेमतेम 29 चौरस किलोमीटर, जमीन तळहातासारखी सपाट, एकही चढ नाही. वाघांचा वावर नसल्यामुळे पायी हिंडायला मोकळीक आहे. तिथली माणसं या रानाला नुसतं ‘घना’ म्हणतात.

ही मुळातली खोलगट जमीन. भरतपूरच्या महाराजा सूरजमलने अजान बांध घातला, त्यामुळे तिथे पाणी येऊन साठू लागलं. पुढे संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी आत मातीचे बांध घालून तळ्यांचे कप्पे पाडले. आज आपण चालतो ते याच बांधांवरून. दोन्ही हातांना पाणी, डोक्यावर बाभूळ नि कळंबाची सावली आणि पायाखाली मऊ माती. गुडघ्यांना याहून सुखाची वाट मिळायची नाही.

जाण्याआधी एकच गोष्ट नक्की करा. जिथे उतरणार तिथे फोन करून विचारा, “अजान बांधाचं पाणी सोडलं का? सपन मोरीला पाणी आहे का?” सपन मोरी म्हणजे आतल्या मुख्य रस्त्यावरून बांधांकडे वळायची जागा. गंभीर नदीचं पाणी वर करौलीकडे पांचना धरणात अडतं, त्यामुळे अपुऱ्या पावसाच्या वर्षी घनाची तळी कोरडी पडलेली आहेत. आता गोवर्धन नाल्यातून आणि चंबळेच्या नळवाहिनीतून पाणी आणतात, तरी वर्षावर्षात फरक पडतो. पाणी असेल तर ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये झाडं करकोच्यांच्या घरट्यांनी लगडलेली असतात. थंडीचे पाहुणे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येतात. मी ज्येष्ठांना नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा सुचवते. डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीत धुकं इतकं दाट असतं की सकाळी नऊपर्यंत काही दिसत नाही, आणि त्या गारठ्यात सांधेही आखडतात.

मुंबईहून दिल्लीकडे कोटामार्गे जाणाऱ्या काही गाड्या भरतपूरला थांबतात. आग्रा तिथून साधारण 55 किलोमीटरवर. मुक्काम मात्र उद्यानाच्या दाराजवळच करा, म्हणजे सूर्योदयाला दार उघडताना तुम्ही तिथे हजर असाल.

दारापासून केवलादेवाच्या देवळापर्यंत सरळ डांबरी रस्ता आहे, सुमारे पाच किलोमीटर. बहुतेक लोक सायकल रिक्षात बसून देवळापर्यंत जातात आणि तशाच रिक्षातून परत येतात. तसं करू नका. रिक्षा जरूर घ्या, ती तासावर ठरते. पण चालकाला आधीच सांगा की आम्ही चालणार, तुम्ही मागून सावकाश या. दमलेला माणूस हवं तेव्हा बसू शकतो, हा धीर असला की तो दुप्पट चालतो. सासूबाईंच्या बाबतीत मी हे डोळ्यांनी पाहिलं. हे चालक पक्षी ओळखण्यात मुरलेले आहेत, त्यातले बरेच सरदारजी. बाभळीच्या ढोलीला चिकटून बसलेलं शिंगळा घुबड आपल्याला सात जन्मांत दिसलं नसतं. त्यांनी “माताजी, उधर देखिये” म्हटलं आणि ते डोळे मिटून समोर बसलेलं होतं.

पहिला दीड किलोमीटर, मधल्या नाक्यापर्यंत, कोरडं रान आहे. बाभूळ, बोर, पिलू. लोक हा तुकडा घाईने उरकतात, कारण पाणी पुढे आहे. मला मात्र तो फार आवडतो. कोल्हा इथेच रस्ता ओलांडतो, नीलगायी झुडपांत उभ्या असतात, आणि पाय मोकळे व्हायलाही हा तुकडा बरा.

रस्ता साधारण दक्षिणेकडे जातो. म्हणजे सकाळी आत जाताना ऊन डाव्या अंगाला येतं. डावीकडचे पक्षी नुसते काळे आकार दिसतात, उजवीकडचे मात्र पिसापिसाने उजळलेले. म्हणून सकाळी नजर उजवीकडे ठेवा आणि दुपारनंतर बाजू बदला. दुर्बीण साधी 8 बाय 40 ची पुरे, एका कुटुंबात एक असली तरी चालेल.

सपन मोरीपाशी मुख्य रस्ता सोडून बांधावर उतरा. घनाचा जीव इथे आहे. बांधावर रिक्षा येत नाही, म्हणून अंतर आधी ठरवून घ्या. अर्धा किलोमीटर आत आणि अर्धा परत, एवढं नवख्याला पुष्कळ झालं. वीस पावलं चाला आणि दोन मिनिटं थांबा. हा नियम मी सगळ्यांना घालून देते, तरण्याताठ्यांनाही. चालत्या माणसापासून पाणपक्षी लांब सरकतात. उभ्या माणसाची त्यांना लवकर सवय होते, मग कमळपक्षी पानांवरून पुन्हा चालू लागतो. तिरंदाज पक्षी पंख पसरून वाळवत बसतो आणि सांबर पोटभर पाण्यात उभं राहून शेवाळ खातं. सारसांची जोडी दिसली तर तिथेच बसकण मारा. आपल्या महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः गोंदियाकडे, आणि तेही थोडके. इथे ती उंच जोडी माना वर करून एकसुरात ओरडते तेव्हा अंगावर काटा येतो.

देवळाजवळ दगडी फलक आहेत, तेवढे उभं राहून वाचा. कोणत्या तारखेला कोणत्या बड्या पाहुण्यांनी किती पक्षी मारले, त्याची ती नोंद आहे. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी मारले गेले. त्याच पाण्याचं रक्षण व्हावं म्हणून पक्षीतज्ज्ञ सालिम अली झटले आणि 1985 साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. सैबेरियाहून येणारे पांढरे क्रौंच मात्र 2001-02 च्या हिवाळ्यानंतर इथे आले नाहीत. बरोबर नातवंडं असतील तर त्यांना हे सगळं तिथेच, फलकासमोर सांगा.

हिवाळ्यात दहा-अकराच्या उन्हाला अजगर बिळाबाहेर येऊन पडतात. बऱ्याचदा बीळ साळिंदराचं असतं आणि राहायला दोघंही. पाहायचं ते दुरून, आणि बीळ नि अजगर यांच्यामध्ये उभं राहायचं नाही. त्याची परतीची वाट अडते आणि तो घाबरतो. फोटोसाठी काठीने डिवचणारी माणसं दिसली तर गप्प बसू नका, चालकाला सांगा.

सामानाचं थोडक्यात. बूट जाड तळाचे हवेत, बाभळीचा काटा पातळ रबरातून थेट टाचेत शिरतो. सकाळी स्वेटर आणि मफलर, दहानंतर काढता येतील असे थरांचे कपडे, रंग मातकट. डासांसाठी पूर्ण बाह्या. खाऊ पिशवीच्या तळाशी ठेवा, माकडांना पिशवीचा नुसता आवाज पुरतो. स्वच्छतागृहाचं काम दारापाशीच उरकून घ्या, विशेषतः बायकांनी. पाणी पिणं मात्र त्या भीतीने टाळू नका, चालताना पाणी कमी पडलं तर पोटऱ्यांत गोळे येतात.

दुपारी अकरा ते तीन विश्रांती घ्या. पाय शिवशिवत असतील तर गावातला लोहगड बघा. हा भुईकोट आहे. मातीच्या जाड तटांचा हा किल्ला 1805 मध्ये इंग्रज सेनापती लॉर्ड लेकला घेता आला नाही, आणि तेव्हा आत आश्रयाला यशवंतराव होळकर होते. पानिपतानंतर हाल होऊन परतणाऱ्या मराठ्यांना आसरा देणारा सूरजमल याच गादीचा. मराठी माणसाने इथे येऊन तटाला हात न लावता परत जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करा. सूर्योदयाला रिक्षाने थेट देवळापर्यंत जा आणि तिथून दाराकडे चालत या. आता ऊन उजव्या अंगाला, म्हणून नजर डावीकडे. पाच किलोमीटरला चार तास धरा आणि रिक्षा मागे असू द्या. सासूबाई त्यातले साडेतीन चालल्या, उरलेलं अंतर रिक्षात बसून सरदारजींना पक्ष्यांची मराठी नावं शिकवत आल्या.