पर्यावरण कायदा ऑनलाइन शिकायचाय? इथून सुरू करा
लगेच महागडा डिप्लोमा घेऊ नका, आधी इन्फोर्मिया (InforMEA) या साइटवरचे फुकट कोर्स करा, युनोचे आहेत, हवामान, जैवविविधता वगैरेंचे आंतरराष्ट्रीय करार त्यात नीट कळतात. मग आपले कायदे, म्हणजे पाण्याचा १९७४चा, हवेचा १९८१चा आणि भोपाळनंतर आलेला १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा, हे इंडिया कोड या सरकारी कायद्यांच्या साइटवर मुळातूनच वाचा, नुसत्या व्हिडिओवर भागवू नका प्लीज. खरं शिक्षण निकालांत आहे. १९९६चा वेल्लोरचा निकाल घ्या, चामड्याच्या कारखान्यांनी पाणी नासवलं आणि सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यायची, तो पूर्ण वाचाच. सोबत एनजीटीच्या, म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या, पुणे खंडपीठाचे आदेश साइटवर बघत राहा. सर्टिफिकेट हवंच असेल तर बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा डिस्टन्स डिप्लोमा बघा, फी आधी चेक करा.