इन्फ्लुएन्सर हेर आणि तिचं प्रेम: गोव्यात घडणारी हेरकथा कशी लिहावी

हेर कुणाच्या नजरेत भरता कामा नये, हा सल्ला इथे कुचकामी आहे. इन्फ्लुएन्सर नायिकेचं बळच उलटं. ती भर दुपारी ट्रायपॉड लावून उभी राहते आणि लोक म्हणतात, रील काढतेय, असू दे. लपणं नव्हे, दिसणं हेच तिचं सोंग.

आधी ती कुणाची माणूस आहे ते ठरवा. 1968 साली स्थापन झालेल्या रॉ या गुप्तचर संस्थेचं काम परदेशातलं. देशात शिरलेला परकीय हेर हुडकणं हे आयबीचं, म्हणजे गुप्तवार्ता विभागाचं. गोव्याच्या हॉटेलात रॉचा माणूस पिस्तूल घेऊन फिरवलात, तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

लक्ष्य शोधायला लांब जाऊ नका. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या हंसा तळावर आहे आणि जवळच वास्कोला गोवा शिपयार्ड युद्धनौका बांधतं. नायिकेला उत्तर गोव्यातल्या मोप्याच्या विमानतळावर उतरवलंत तर हा धागा फुकट गेला. जुना संदर्भ हवा असेल तर 1943चा मार्च घ्या: तटस्थ पोर्तुगिजांच्या मुरगाव बंदरात अडकलेल्या एरेनफेल्स या जर्मन जहाजावर ब्रिटिशांनी कलकत्त्याचे हौशी घोडेस्वार हल्ल्याला पाठवले, आणि जहाजावरचे खलाशी कमी व्हावेत म्हणून त्या रात्री किनाऱ्यावर मेजवानी ठेवली. पार्टीचा आडोसा गोव्याला नवा नाही.

हंगाम, हॉटेल, कपडे: एका बैठकीत ठरवा. एवढंच बघा, की 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. जुलैच्या रात्री ट्रॉलरवर भेट ठेवलीत तर फसलात.

आता खरी अडचण. बहुतेक हस्तलिखितं इथे मरतात: एक प्रकरण हेरगिरीचं, एक प्रेमाचं, पुन्हा हेरगिरीचं. वाचक प्रेमाची प्रकरणं चाळत पुढे पळतो. उपाय एकच, दोन्ही एकाच प्रसंगात हवं. तिने प्रेमाने केलेली प्रत्येक गोष्ट कामाचीही असावी, आणि त्यातलं काय खरं हे तिलाही नीटसं कळू नये.

उदाहरण घ्या. पणजीतल्या फोंतेन्हास वस्तीतल्या पिवळ्या भिंतीपुढे प्रियकर तिचा फोटो काढतोय. तिच्या गॉगलच्या काचेत त्याच्या पाठीमागचा माणूस दिसतो, आणि ती त्याच माणसाच्या मागावर आहे. प्रियकर म्हणतो, “गॉगल काढ ना, डोळे दिसू देत.” ती हसून नाही म्हणते. त्याला वाटतं, लाजली. फोटो उत्तम येतो. तिसऱ्या दिवशी तोच फोटो मोठा करून बघताना काचेतल्या माणसाशेजारी कॅमेरा धरलेला तो स्वतःलाही दिसतो, आणि ती का नाही म्हणाली ते त्याच्या लक्षात येतं. पाठलाग नाही, गोळी नाही; तरी इथून कादंबरी सुटते.

हे जमवायला वहीत तीन रकाने आखा: तिला काय ठाऊक, त्याला काय ठाऊक, वाचकाला काय ठाऊक. प्रत्येक प्रसंगानंतर भरा. दोन प्रसंग उलटूनही एकाही रकान्यात भर पडली नसेल तर त्यातला एक प्रसंग काढा, कितीही गोड लिहिलेला असो. आणि तिचं गुपित वाचकाला लवकर सांगा, पहिल्या 30 पानांतच. शेवटी धक्का द्यायचा मोह होतो, पण तो धक्का एकदाच बसतो. ‘याला कधी कळणार?’ ही धाकधूक 200 पानं पुरते.

संदेश पोहोचवण्याची रीत मात्र चोख हवी. फोटोत दडलेली जागेची नोंद इन्स्टाग्रामवर चढवताना गळून पडते, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तरी तेच. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मात्र ती टिकते. या एका चुकीवर अख्खं प्रकरण उभं राहतं. त्याहून सोपी खूण भरतीची. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून ‘आज सकाळी’ लिहिलेल्या फोटोत वाळूवरची पाण्याची रेघ खोटं उघडं पाडते. आणि सूर्य इथे समुद्रात मावळतो. पाण्यावर तांबडा गोळा दाखवून खाली ‘शुभ प्रभात’ लिहिणारी नायिका पकडली जायलाच हवी.

गाड्यांकडे लक्ष द्या. भाड्याच्या स्कूटरला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. पर्यटक म्हणवणारा खलनायक जीए-06च्या पांढऱ्या पाटीवर फिरत असेल, तर ती गाडी वास्कोत नोंदवलेली, कुणाची तरी खासगी. ‘पायलट’ म्हणजे इथे मोटरसायकलवरून भाड्याने प्रवासी नेणारा. बाहेरच्या पात्राचा यावरून घोळ होऊ द्या. कोकणी जपून वापरा. घरमालकीण तिला ‘बाय’ अशी हाक मारेल तेवढं पुरे, प्रत्येक वाक्याला ‘कितें रे’ नको.

शेवटी तिचं अकाउंट डिलीट करून तिला गायब करू नका. लोकांकडे स्क्रीनशॉट असतात. अकाउंट चालू ठेवा, पोस्टही येत राहू द्यात. फक्त तिसऱ्या पोस्टपाशी त्याला कळावं, की पोस्ट लिहिणारी आता ती नाही.