गच्चीवरची ब्लूबेरी

माझं पहिलं रोप मी बोअरच्या पाण्याने मारलं. ऊन बाधलं असेल म्हणून कुंडी आठवडाभर सावलीत सरकवत बसले आणि इकडे पानं पिवळीजर्द, शिरा तेवढ्या हिरव्या. ब्लूबेरीला आंबट माती लागते, सामू (pH; आकडा जितका कमी तितकं आंबट) 4.5 ते 5.5. आमच्या कोथरूडच्या बोअरला चुनखड. बादलीच्या काठाला पांढरा थर धरतो तोच. त्याने सामू चढतो आणि मुळांना लोह उचलता येत नाही.

आता पावसाळ्यात पिंप भरून ठेवते. ते संपलं की बोअरच्या पाण्याच्या 15 लिटरच्या बादलीत साधारण चमचाभर लिंबूसत्त्व, किराणा दुकानात मिळतं ते. प्रत्येकाचं पाणी वेगळं, त्यामुळे सामूपट्टी बुडवून बघा. 5 च्या आसपास आलं की पुरे.

जात मात्र कमी थंडीवर फळणारीच हवी. माझ्याकडे 'बिलॉक्सी' आहे, 1998 साली अमेरिकेत आलेली, आणि जोडीला 'मिस्टी'. दोन जाती असल्या की फळ मोठं धरतं. नुसतं 'ब्लूबेरी' म्हणून विकतात ते घेऊ नका.

कुंडी 18 इंची, फिकट रंगाची, काळी तापते. काळी माती अजिबात नको. निम्मं पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ), उरलेल्यात ऑर्किडवाले वापरतात ती पाइनची साल आणि थोडं परलाइट (हलके पांढरे दाणे). मुळं केसासारखी बारीक नि उथळ, म्हणून वर सालीचा दोन बोटं थर. ओल कायम हवी, पण पाणी साचायला नको. खत अमोनियम सल्फेट, महिन्याला अर्धा छोटा चमचा, पाण्यात विरघळवून. सासूबाई प्रेमाने अंड्याची टरफलं टाकायच्या. ती आता गुलाबाला जातात. राखही नको.

सकाळचं ऊन भरपूर द्या, एप्रिल-मेमध्ये दुपारी हिरवी जाळी. पहिल्या वर्षी फुलं खुडून टाका. जिवावर येतं, पण आधी झाड भरू द्या.

बुलबुलांसाठी जुनी मच्छरदाणी टाकते. फळ निळं झालं की लगेच तोडू नका. देठापाशी लालसर कडं दिसतं तोवर ते आंबटच. चार-पाच दिवस थांबा, मग अंगठ्याने हलकेच लोटा. पिकलेलं आपसूक तळहातात येतं. ओढावं लागलं, तर राहू द्या.