दोन पावत्या, एकच नाव

पहिल्या नोकरीच्या चौथ्या महिन्यातली गोष्ट. इंदूरच्या भंवरकुआतल्या एका कोचिंग क्लाससाठी आम्ही फी भरण्याचं पोर्टल बनवलं होतं. शेजारी-शेजारी बसलेल्या दोन क्लार्कनी एकाच क्षणी बटण दाबलं आणि दोन्ही पावत्यांवर एकाच मुलीचं नाव छापून आलं. रक्कम बरोबर, रोल नंबर बरोबर, नाव मात्र दुसरीचं. ते पान मी लिहिलेलं होतं आणि माझ्या लॅपटॉपवर ते कधीच चुकलं नव्हतं.

कारण सापडायला तीन दिवस गेले. माझा आतेभाऊ यंदा इंटरव्ह्यूची तयारी करतोय. इंदूरच्याच सुपर कॉरिडॉरवरच्या मोठ्या आयटी कंपन्यांकडे डोळे लावून तो थेट स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कपासून (बरंचसं काम आधीच करून देणारा तयार सांगाडा) शिकायला बसला, तेव्हा मी त्याला आधी हेच सांगितलं. फ्रेमवर्क शिकाच, पण त्याआधी एक रिक्वेस्ट, म्हणजे ब्राउझरने सर्व्हरकडे केलेली मागणी, ब्राउझरमधून निघून परत येईपर्यंत तिच्याबरोबर चालून बघा.

टर्मिनल उघडा आणि कर्ल ही पान मागवणारी कमांड ‘व्ही’ पर्याय लावून (curl -v) एखाद्या साइटवर चालवा. दिसेल तो साधा मजकूर असतो. पहिल्या ओळीत गेट (पान मागणं) किंवा पोस्ट (फॉर्म पाठवणं) आणि पत्त्याचा मार्ग, मग होस्टसारखे हेडर (मागणीबद्दलची माहिती), मग एक रिकामी ओळ. हेडर संपले हे सर्व्हरला त्या रिकाम्या ओळीवरूनच कळतं. उत्तरही तसंच येतं: २०० (ठीक), ४०४ (पान सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरची चूक) असा आकडा, हेडर, रिकामी ओळ आणि मग पान. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की भीती जाते. माझी तरी गेली.

आता पान तयार फाइल नसून दर वेळी नवं घडवायचं असेल तर? १९९३ मध्ये एनसीएसए या अमेरिकेतल्या संशोधन केंद्रात त्यासाठी सीजीआय (कॉमन गेटवे इंटरफेस) ही पद्धत ठरली. रिक्वेस्ट आली की सर्व्हर एक प्रोग्राम सुरू करतो, पत्त्यातलं प्रश्नचिन्हापुढचं सगळं त्याला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (प्रोग्राम सुरू होताना त्याला मिळणारी नावं आणि किमती) देतो, पोस्टचा मजकूर स्टँडर्ड इनपुटवर (कीबोर्डवरून टाइप केल्यासारखा) देतो, आणि प्रोग्राम जे छापेल ते ब्राउझरला पाठवतो. काम झालं की प्रोग्राम संपला. सीजीआयचा एक छोटा प्रोग्राम स्वतः लिहाच, पायथनमध्ये दहा ओळी पुरतात. जुनी पद्धत आहे, पण यात काहीच झाकलेलं नसतं.

तिची अडचण उघड आहे. प्रत्येक रिक्वेस्टला नवी प्रोसेस म्हणजे गर्दीत सर्व्हरची दमछाक. सर्व्हलेटची, म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या जावा क्लासची, रचना वेगळी आहे. टॉमकॅटसारखा कंटेनर (सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर) तुमच्या जावा क्लासचा एकच ऑब्जेक्ट बनवतो, सुरुवातीची तयारी करणारं इनिट एकदाच चालवतो आणि येणारी प्रत्येक रिक्वेस्ट एका थ्रेडकडे, म्हणजे त्याच प्रोसेसमध्ये इतरांबरोबर चालणाऱ्या कामाच्या धाग्याकडे, सोपवतो. सेटिंग बदललं नाही तर टॉमकॅट असे जास्तीत जास्त २०० थ्रेड ठेवतो. म्हणजे थ्रेड अनेक, पण ऑब्जेक्ट एकच.

माझी चूक नेमकी इथे होती. विद्यार्थिनीचं नाव मी मेथडच्या आत (जिथे प्रत्येक थ्रेडची जागा वेगळी असते) न ठेवता जावा क्लासच्या फील्डमध्ये, म्हणजे सगळ्या थ्रेडच्या सामाईक जागेत, ठेवलं होतं. पहिल्या थ्रेडने तिथे नाव लिहिलं, पावती छापायच्या आत दुसऱ्याने त्यावर आपलं लिहिलं, आणि मग दोघांनीही तेच वाचलं. पंगतीत सगळ्या वाढप्यांनी मिळून एकच वाढायचं भांडं वापरावं, तसं. रोल नंबर मी थेट रिक्वेस्टमधून घेत होते, म्हणून तो वाचला.

एकट्याने तपासताना हे दिसत नाही. आमचे सिनिअर म्हणाले, ‘‘भिया, थ्रेड का नाम लॉग में डालो,’’ (लॉग म्हणजे प्रोग्रामची नोंदवही) आणि त्यांनी पावती छापण्याआधी पाच सेकंदांचा स्लीप (मुद्दाम घातलेला थांबा) टाकायला लावला. मग दोन वेगळ्या ब्राउझरमधून पाठोपाठ फॉर्म पाठवले आणि चूक हवी तेव्हा घडू लागली. चूक हवी तेव्हा घडवता आली की अर्धं काम झालं, असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं. ती ओळ मेथडच्या आत नेली, संपलं. स्प्रिंगचा कंट्रोलरही (रिक्वेस्ट हाताळणारा क्लास) सेटिंग बदललं नाही तर एकच ऑब्जेक्ट असतो, त्यामुळे हा धडा तिथेही तसाच लागू पडतो.

मग एका माणसाची माहिती दोन पानांमध्ये टिकवायची कुठे? एचटीटीपी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरची बोलण्याची पद्धत, आधीची रिक्वेस्ट लक्षात ठेवत नाही. म्हणून सर्व्हर कुकीतून (ब्राउझर जपून ठेवतो ती छोटी चिठ्ठी) एक ओळखक्रमांक देतो, ब्राउझर तो दर वेळी परत आणतो, आणि त्यावरून सर्व्हर आपल्याकडचं सेशन, म्हणजे त्या माणसाची तात्पुरती नोंद, शोधतो. टॉमकॅटमध्ये हे सेशन वापर थांबल्यावर साधारण ३० मिनिटांनी संपतं. आमच्या क्लार्क जेवून आल्या की ‘पुन्हा लॉगिन करा’ का येतं, ते मला तेव्हा कळलं.

फी भरल्यावर पान थेट दाखवू नका, ३०३ (‘दुसऱ्या पत्त्यावर जा’ हा आकडा) पाठवून ब्राउझरला पावतीच्या पत्त्यावर न्या. नाहीतर कुणी रिफ्रेश केलं की पोस्ट पुन्हा जाते आणि फी दोनदा नोंदली जाऊ शकते. फॉर्ममधून आलेलं काहीही जोडून डेटाबेसची क्वेरी बनवू नका, प्रिपेअर्ड स्टेटमेंट (ज्यात आलेला मजकूर क्वेरीपासून वेगळा राहतो) वापरा. याला अपवाद नाही.

परवा रविवारी पोहे-जलेबी झाल्यावर आतेभावाला मी तोच स्लीपचा प्रयोग करायला लावला. दुसऱ्या ब्राउझरवरचं नाव पहिल्यावर उमटलं तसा तो खुर्चीतून उठला आणि स्वतःच्या प्रोजेक्टची फाइल उघडून फील्ड शोधू लागला. दोन सापडली.