वरूडकडून वर्षभरासाठी जर्मनीले चालले? मग हे वाचून घ्या

आमच्या गावचे दोन पोट्टे शिकायले चालले म्हणून लिहून राह्यलो, मी वर्षभर राहून आलो तिकडं.

बॅग भरतानी पहिले आईले समजावून सांगा. घरचं तूप, खवा, पेढे काहीच चालत नाही, बाहेरून दुधाचे न मटणाचे पदार्थ न्यायले युरोपात बंदी आहे. आपली संत्री पण नाही, तिले झाडपाल्याच्या तपासणीचं सर्टिफिकेट लागते. माह्या आईनं प्रेमानं दिलेला तुपाचा डबा एअरपोर्टवर टाकावा लागला, लय वाईट वाटलं. तिखट, हळद, पापड बिनधास्त न्या.

रूम भेटली की २ आठवड्याच्या आत पत्ता नोंदवाचा, त्याले आनमेल्डुंग म्हणतात, घरमालकाच्या सहीचा कागद लागते त्याले, तो चावी घेतानीच मागून घ्या. आणि भाऊ, लेटरबॉक्सवर आपलं नाव चिटकवाच, कारण टॅक्स नंबर पोस्टानंच येते न नाव नसलं तर पत्र वापस जाते, मग बसा चकरा मारत.

रविवारी दुकानं बंद, किराणा शनिवारीच आणा. प्लास्टिकच्या बाटल्या फेकू नका, दुकानातल्या मशीनमधी टाकल्या की बहुतेक बाटलीमागं २५ सेंट वापस भेटते.

घरी फोन दुपारीच करा. हिवाळ्यात तिकडं संध्याकाळचे ६ म्हणजे गावात रात्रीचे साडेदहा, आई तरी जागीच राहते फोनची वाट पाहत.