अपघात भरपाईचा दावा दुसऱ्या न्यायालयात वर्ग करून घेताना

बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या रहिवाशाला चंदगड तालुक्यातील शिनोळीजवळ कोल्हापूरच्या ट्रकने धडक दिली, तर भरपाईचा दावा बेळगावला चालवावा की कोल्हापूर जिल्ह्यात, असा प्रश्न बेळगाव सीमाभागात सहज उभा राहतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ नुसार ही निवड अर्जदाराची असते. अपघाताचे ठिकाण, अर्जदाराचे राहण्याचे किंवा व्यवसायाचे ठिकाण आणि जाबदाराचे (ज्याच्याविरुद्ध दावा आहे त्याचे) राहण्याचे ठिकाण, यांपैकी कोठल्याही क्षेत्राच्या न्यायाधिकरणापुढे त्याला दावा दाखल करता येतो. त्यामुळे हा विचार दावा दाखल होण्यापूर्वीच करून घ्यावा, कारण नंतर तो हलवणे खर्चिक असते आणि यशाची खात्री नसते. अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करण्याची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू असल्याने विचारात फार दिवस घालवणेही परवडणारे नाही.

दावा आधीच दाखल झालेला असेल, तर अर्ज कोणाकडे करायचा हे प्रथम ठरवावे. अथणीचा दावा बेळगावला आणण्यासारखा जिल्ह्यांतर्गत बदल असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली सामान्यतः प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे जावे लागते. कर्नाटकातच बेळगावहून धारवाड जिल्ह्यात न्यायचा असेल, तर उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे. राज्य बदलायचे असेल, तर मात्र कलम २५ खाली सर्वोच्च न्यायालयाखेरीज मार्ग नाही. कोल्हापूरला २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाल्यापासून बेळगावचे दावे तेथून मागवता येतील, असा काहींचा समज झालेला दिसतो; तो चुकीचा आहे. राज्य बदलण्यासाठी सर्वोच्च न्यायालयातच जावे लागते, या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. एकाच अपघातातील मृताच्या वारसांनी वेगवेगळ्या राज्यांत दावे केले असतील, तर डिसेंबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार पहिला दावा जेथे दाखल झाला तेथेच नंतरचे दावे वर्ग होतात, आणि त्यासाठी दिल्लीला वेगळा अर्ज करण्याची गरज नसते.

अर्जाचे यश कारणावर अवलंबून असते. जखमी व्यक्ती अंथरुणावर आहे, विधवा अर्जदार लहान मुलांना सोडून दूरच्या तारखांना जाऊ शकत नाही, किंवा धमक्यांची पोलिसांत नोंद आहे, अशी कारणे कागदपत्रांसह मांडावीत. भाषेची अडचण हे एकटे कारण मात्र पुरेसे धरू नये. अपघात सिलिगुडीजवळचा, दावा उत्तर प्रदेशातील फतेहगढचा, आणि साक्षीदारांना भाषेची अडचण येईल म्हणून तो दार्जिलिंगला वर्ग करावा, ही वाहनमालकाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळली. मराठी साक्षीदाराला कन्नड येत नाही, या तक्रारीवर आपल्याकडे भावना तीव्र असल्या, तरी दुभाष्याची मागणी त्याच न्यायालयात करणे अधिक व्यवहार्य ठरते. फक्त डॉक्टर किंवा एखादा साक्षीदार दूर असेल, तर त्याची साक्ष दूरदृश्य प्रणालीद्वारे किंवा कमिशनमार्फत (न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीमार्फत) नोंदवण्याचा अर्जही स्वस्तात काम भागवतो.

अर्जासोबत प्रतिज्ञापत्र, मूळ दाव्याची व कैफियतीची (जाबदाराच्या लेखी उत्तराची) नक्कल, रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची न्यायालयीन नोंद), वैद्यकीय कागद आणि राहण्याचा पुरावा जोडावा. सर्वोच्च न्यायालयासाठी मराठी व कन्नड कागदांचे इंग्रजी भाषांतर लागते. क्षेत्राधिकाराविषयी हरकत घ्यायची असेल, तर ती जाबदाराने न्यायालयाने वादाचे मुद्दे निश्चित करण्यापूर्वीच घ्यावी; उशिरा घेतलेल्या हरकतीकडे न्यायालये सहसा तांत्रिक बाब म्हणून पाहतात. वकिलाची फी झेपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, किंवा १५१०० या क्रमांकावर संपर्क साधावा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि दिव्यांगांना उत्पन्नाची अट न लावता विधी साहाय्य मिळते.

अर्ज दाखल केला म्हणजे मूळ दावा थांबला, असे समजून तारखा चुकवल्यास दावा गैरहजेरीत निकाली निघू शकतो, म्हणून स्थगिती स्वतंत्रपणे मागावी आणि ती मिळेपर्यंत हजर राहावे. आदेश मिळाल्यावर त्याची प्रमाणित नक्कल दोन्ही न्यायालयांत द्यावी आणि मूळ कागद पुढे रवाना झाले की नाही, याची कार्यालयात चौकशी करत राहावे. वरिष्ठ न्यायालयाने वेगळे काही सांगितले नसेल, तर दावा थांबला होता त्याच टप्प्यापासून नवीन न्यायालय तो पुढे चालवू शकते, त्यामुळे झालेल्या साक्षी पुन्हा घेण्याचा आग्रह धरण्यापूर्वी आदेशातील शब्द नीट वाचावेत.